मुलाला शाळेत मदत हवीय? कुठून सुरू करायचं, कोणाला भेटायचं, काय लिहून द्यायचं

ज्यांना शाळेतून नुकतंच 'तुमचं मूल मागे पडतंय, कुठेतरी दाखवून घ्या' असं सांगितलं गेलंय त्या आईबाबांसाठी हे लिहितेय. माझा मुलगा आता अकरावीत आहे, त्याला डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता आहे आणि सोबत थोडा एडीएचडी, म्हणजे चंचलपणा आणि लक्ष न टिकणं, शाळा राज्य बोर्डाची मराठी माध्यमाची. त्याच्या शाळेच्या वर्षांत जे कळत गेलं आणि नंतर ओळखीच्या पालकांबरोबर शाळेत, हॉस्पिटलात जाताना जे बघितलं ते एका जागी मिळावं एवढाच हेतू. जास्त करून अध्ययन अक्षमतेबद्दल बोलेन कारण तेच मला जवळून माहीत आहे, पण स्वमग्नता असो, कमी ऐकू येणं असो की सेरेब्रल पाल्सी, शाळेशी बोलायची आणि कागदपत्रांची वाट बरीचशी हीच आहे. आणि हे सगळं महाराष्ट्रातलं आहे, दुसऱ्या राज्यात ऑफिसांची नावं बदलतील.

आधी वही बघा

शाळेने सांगितल्यावर पहिल्यांदा गूगल उघडू नका, मुलाची वही उघडा. मागच्या चार-पाच महिन्यांच्या वह्या घेऊन शांतपणे बसा. 'घर' चं 'धर' होतंय का, 'भात' चा 'मात' होतोय का, रफार भलत्याच अक्षरावर जातोय का, जोडाक्षर आलं की शब्दच गाळलाय का, फळ्यावरून उतरवताना दोन ओळींची मिळून एक ओळ झालीय का. गणितात बघा, 'पंचवीस' ऐकून ५२ लिहिलंय का, कारण आपल्याकडे आकड्याच्या नावात एकक आधी येतो आणि ज्या मुलाला क्रम सांभाळणं जड जातं ते इथे हमखास अडखळतं. पहिली-दुसरीत हे सगळ्याच मुलांचं होतं, तेव्हा लगेच घाबरू नका. पण तिसरी-चौथीतही रोज, प्रत्येक विषयात असंच दिसत असेल, आणि तेच मूल तोंडी विचारल्यावर अख्खा धडा घडाघडा सांगत असेल आणि लिहायला दिल्यावर चार ओळींत दमत असेल, तर ही जी तोंडी आणि लेखी मधली दरी आहे ना ती नोंदवून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

नोंदवून ठेवा म्हणजे खरंच लिहून ठेवा. एक साधी दोनशे पानी वही करा, तारीख टाका, काय दिसलं ते दोन ओळींत लिहा, वहीच्या पानाचे फोटो काढून मोबाईलमध्ये वेगळ्या फोल्डरला टाका. गृहपाठाला किती वेळ लागला, कुठे रडारड झाली, कोणत्या गोष्टीत तो रमला, हे पण. पुढे डॉक्टर विचारतील, बाई विचारतील, तेव्हा 'तो लक्षच देत नाही हो' या वाक्यापेक्षा ही वही शंभर पटीने कामाला येते.

आणि डोळे आणि कान तपासून घ्या, अगदी सुरुवातीलाच. नेत्रतपासणी आणि ऑडिओमेट्री. पुढे कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात अध्ययन अक्षमतेची तपासणी करायची म्हटली तर हे रिपोर्ट मागतातच, आणि कधीकधी खरंच चष्म्याचा नंबर किंवा कानाचा प्रश्न निघतो.

वर्गशिक्षिकेला भेटणं

पहिली भेट मुख्याध्यापकांशी नको, वर्गशिक्षिकेशीच करा. पण गेटवर मुलाला घ्यायला गेल्यावर नको, पालकसभेच्या रांगेत मागे दहा पालक उभे असताना पण नको, आणि मुलाच्या देखत तर अजिबात नको. चिठ्ठी पाठवा किंवा मेसेज करा की मॅडम मला वीस मिनिटं हवीत, शाळा सुटल्यावर किंवा तुमच्या मोकळ्या तासाला कधी येऊ. बाईंच्या वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, हे सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं, हे लक्षात ठेवून बोललात तर दार उघडतं. भेटीत आधी विचारा, तुम्हाला वर्गात काय दिसतं? त्यांचं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका, लिहून घ्या. मग तुमची वही दाखवा.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'जरा लक्ष द्या हो त्याच्याकडे' असं मागू नका. लक्ष देणं म्हणजे नेमकं काय करायचं हे बाईंना पण कळत नाही, त्या 'हो हो देते ना' म्हणतात, दोन्हीकडून मन हलकं होतं आणि वर्गात काहीच बदलत नाही. त्यापेक्षा अशी गोष्ट मागा जी झाली की नाही झाली हे संध्याकाळी सांगता येईल. पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसवा, खिडकीपासून लांब. फळ्यावरचं पूर्ण उतरवलं नाही तर शेजारच्या मुलाच्या वहीचा फोटो मला पाठवू द्या. सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नका, वाचायचंच असेल तर कोणता परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा म्हणजे आम्ही घरी तयारी करतो. इतिहास-विज्ञानाच्या पेपरात शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. घटक चाचणीत प्रश्न एकदा वाचून दाखवा. गृहपाठात दहा गणितांऐवजी पाच चालतील का.

एका वेळी यातल्या दोन-तीनच मागा. आणि हे लक्षात घ्या की यातल्या एकाही गोष्टीसाठी कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. खूप पालक, आणि शाळा पण, असं धरून चालतात की आधी सर्टिफिकेट येऊ दे मग बघू, आणि त्या बघण्यात मुलाचं एक अख्खं वर्ष जातं.

मला आठवतंय, मुलाच्या चौथीच्या बाईंनी फक्त एवढंच केलं होतं की त्याच्या टेबलावर एक पट्टी ठेवली, वाचताना ओळीखाली धरायला, आणि वर्गातल्या बाकी मुलांनी चिडवू नये म्हणून अजून पाच-सहा मुलांना पण तशीच पट्टी दिली. दोन आठवड्यात तो ओळी गाळायचा कमी झाला. पट्टीला किती पैसे लागतात हो? पण बाईंनी ज्या पद्धतीने दिली ना त्याला मोल नाही.

आता कागद

भेट झाली, बोलणं चांगलं झालं, तरी त्याच आठवड्यात अर्ज द्या. तोंडी ठरलेलं पुढच्या जूनमध्ये बाई बदलल्या की संपतं. शाळेवर विश्वास नाही म्हणून अर्ज द्यायचा असं नसतं, शाळेत जे चांगलं सुरू झालंय ते टिकावं म्हणून द्यायचा असतो, आणि हे तुम्ही तसंच बोलूनही दाखवा. अर्ज साधा हवा, एका पानाच्या वर नको, कायद्याची कलमं पहिल्याच अर्जात तर अजिबात टाकू नका, उगाच वातावरण तापतं. साधारण असा लिहा:

प्रति, मा. मुख्याध्यापक, शाळेचं पूर्ण नाव आणि पत्ता.
विषय: इयत्ता चौथी, तुकडी ब मधील माझ्या मुलाला अभ्यासात आवश्यक सोयी मिळण्याबाबत.
महोदय, माझा मुलगा आपल्या शाळेत पहिलीपासून शिकत आहे. त्याला वाचन व लेखनात सातत्याने अडचण येत असल्याचे वर्गशिक्षिकांच्या आणि आमच्या लक्षात आले आहे. तोंडी उत्तरे तो व्यवस्थित देतो. त्याची तपासणी करून घेण्याची प्रक्रिया आम्ही सुरू करत आहोत. दरम्यान वर्गशिक्षिकांशी दिनांक अमुक रोजी झालेल्या चर्चेनुसार पुढील सोयी चालू ठेवाव्यात ही विनंती. त्याखाली एक, दोन, तीन करून ठरलेल्या गोष्टी. तसेच तपासणीसाठी शाळेचे पत्र व मागील दोन वर्षांच्या निकालाच्या प्रती मिळाव्यात. सहामाही परीक्षेनंतर आढावा घेण्यासाठी एकत्र भेटावे अशीही विनंती आहे.
आपला विश्वासू, सही, नाव, मोबाईल नंबर, तारीख. सोबत: वहीच्या पानांच्या झेरॉक्स.

दोन प्रती घेऊन जा. एक शाळेच्या ऑफिसात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती पोच म्हणून आपल्याकडे ठेवायची. क्लार्क म्हणेल ठेवून जा, मॅडम आल्या की देतो, तर हसून सांगा की शिक्का मिळाला की लगेच निघते. अगदीच नाही म्हणाले तर शाळेच्या अधिकृत मेलवर पाठवा किंवा स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद म्हणजे तुमची पोचच. या सगळ्याची एक फाईल करा, तारखेच्या क्रमाने. पुढची सात-आठ वर्षं ती लागणार आहे.

तपासणी आणि सर्टिफिकेट, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो

दोन वेगळे कागद आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. एक म्हणजे मुलाला नेमकी अडचण कुठे आहे आणि त्याला कसं शिकवावं हे सांगणारा रिपोर्ट. तो खासगी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा स्पेशल एज्युकेटरकडून करून घेतलात तरी चालतो, फक्त ती व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआयकडे नोंदणीकृत आहे का ते विचारा, नोंदणी नंबर रिपोर्टवर असायला हवा. दुसरा म्हणजे प्रमाणपत्र, जे बोर्डाच्या सवलतींसाठी आणि सरकारी योजनांसाठी लागतं, आणि ते अधिकृत सरकारी हॉस्पिटलचंच लागतं. खासगी रिपोर्ट बोर्ड धरत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी विचारून घ्या की हा कागद मी कशासाठी करतेय.

मुंबईत सायन म्हणजे लोकमान्य टिळक हॉस्पिटल आणि नायर इथे अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, पुण्यात ससूनला. बाकी जिल्ह्यात आधी सिव्हिल हॉस्पिटलला चौकशी करा, आणि तिथलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तिथे जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं आहेत, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिथे मोफत होते, आणि याच कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळेत तपासणीला पण येतं. शाळेला विचारा पथक कधी येऊन गेलं, माझ्या मुलाचं नाव नोंदवलं होतं का.

वयाचं असं आहे की अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, कारण त्याआधी मूल वाचायला शिकतच असतं. २०१८ साली केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात आठव्या वर्षानंतर तपासणी आणि मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असं ठरवलेलं आहे. म्हणजे चौथीत मिळालेलं प्रमाणपत्र दहावीला तसंच्या तसं चालेल असं धरून बसू नका, आठवी-नववीत परत जावं लागेल. स्वमग्नता, बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता यांना मात्र आठ वर्षांपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही, जितक्या लवकर जाल तितकं बरं.

हॉस्पिटलात एका दिवसात काम होत नाही. आधी बालरोगतज्ज्ञ बघतात, मग डोळे-कान, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, प्रत्येकाची तारीख वेगळी आणि मध्ये मोठी गॅप. बरोबर जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं बोनाफाईड, शाळेचं पत्र, मागच्या दोन वर्षांचे निकाल आणि वह्या न्या, खऱ्या वह्या, झेरॉक्स नव्हे. मूल मराठी माध्यमात असेल तर वाचन-लेखनाची चाचणी मराठीतून होणार का हे पहिल्याच दिवशी विचारा. इंग्रजी उताऱ्यावर मराठी माध्यमाचं मूल अडखळलं तर त्यातून काय सिद्ध होणार? ही गोष्ट मी पालकांना हात जोडून सांगते, विचारायला लाजू नका.

आणि मुलाला खरं सांगून न्या. 'डोकं तपासायला चाललोय' असं नको. आम्ही आमच्या मुलाला सांगितलं होतं की तुझा मेंदू अक्षरं ओळखायला वेगळ्या रस्त्याने जातो, तो रस्ता कोणता ते त्या ताई शोधून देणार आहेत. त्याने विचारलं, म्हणजे मी ढ नाही ना? हा प्रश्न तो किती दिवस मनात घेऊन फिरत होता कोण जाणे.

तिसरा कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवरून ऑनलाइन अर्ज करायचा असतो, जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्रं याच पोर्टलमधून देतात. यात टक्केवारी असते आणि ४० टक्के किंवा त्यावर असेल तर आरक्षण, शिष्यवृत्ती, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतला प्रवेश अशा गोष्टी खुल्या होतात. टक्के कमी आले म्हणून शाळेतली मदत बंद असं मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात, ते यूपीएससीच्या परीक्षेला लेखनिक, म्हणजे सांगेल ते लिहून देणारा माणूस, मागत होते, स्पष्ट सांगितलंय की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती ठेवता येणार नाही. हे कोणी अडवलं तर सांगायला लक्षात ठेवा.

रिपोर्ट हातात आला, आता शाळेत परत

वीस पानी रिपोर्ट कुठलीच बाई वाचणार नाही, आणि तशी अपेक्षा करणं पण बरोबर नाही. तुम्ही त्याचं एक पान करा. वर मुलाचं नाव, काय निदान झालं ते एका ओळीत, मग त्याला काय चांगलं येतं, मग काय जड जातं, मग वर्गात काय केलं की फरक पडतो. चांगलं काय येतं हे आधी लिहा आणि मनापासून लिहा. चित्रं काढतो, क्रिकेटचे सगळे स्कोअर पाठ आहेत, लहान मुलांना सांभाळतो, जे असेल ते. हे पान वर्गशिक्षिकेबरोबर विषयशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना पण द्या, कारण बऱ्याचदा गोंधळ त्यांच्याच तासाला होतो. दर जूनमध्ये नवीन बाई आल्या की नवीन पान, पहिल्याच आठवड्यात.

शाळेत स्पेशल एज्युकेटर असेल तर त्यांच्याकडून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, सगळे आयईपी म्हणतात, तो लेखी मागा. त्यात 'वाचन सुधारणे' असं लिहिलेलं असेल तर परत पाठवा. दिवाळीपर्यंत दुसरीच्या पातळीचा आठ-दहा ओळींचा उतारा, जोडाक्षरांसकट, मदतीशिवाय वाचेल, असं काहीतरी हवं. कोण घेणार, आठवड्यातून किती वेळा, आणि कोणत्या तासाला ते पण लिहा. नेहमी खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासालाच उचलून नेत असतील तर हरकत घ्या, ज्या तासात त्याला बरं वाटतं तोच काढून घेतला तर मूल त्या वर्गाचा रागच करणार.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर समग्र शिक्षा अभियानाखाली तालुक्याला गट साधन केंद्र असतं, तिथे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, ते शाळांना भेटी देतात. त्यांचा नंबर मुख्याध्यापकांकडून किंवा केंद्रप्रमुखांकडून घ्या. शाळा दरवर्षी यूडायस या सरकारी ऑनलाइन नोंदीत जी माहिती भरते त्यात विशेष गरजा असणाऱ्या मुलांचा वेगळा रकाना आहे, त्यात तुमच्या मुलाची नोंद झालीय का ते विचारा, कारण साहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता हे सगळं त्या नोंदीवरून पुढे जातं. नोंद नाही तर सरकारच्या लेखी ते मूल नाहीच. सीबीएसईच्या शाळांना स्पेशल एज्युकेटर नेमणं बोर्डाने बंधनकारक केलेलं आहे, तेव्हा 'आमच्याकडे नाही' हे उत्तर तिथे पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पण ऑक्टोबर २०२१ मध्ये याच विषयावर निकाल दिला आणि त्यानंतर पहिली ते पाचवीला विशेष गरजा असणाऱ्या दहा मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला अशा पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण २०२२ मध्ये नियमात आलं. प्रत्यक्षात एका विशेष शिक्षकाकडे कितीतरी शाळा असतात, हे मी बघितलंय, आणि म्हणूनच पालकांनी लेखी मागत राहिलं पाहिजे, मागणी कागदावर नसली की पद भरायची गरजच दिसत नाही.

शॅडो टीचरबद्दल माझं मत सांगते. स्वमग्न मुलाला किंवा खूपच चंचल मुलाला काही काळ बाजूला कोणी असणं खरंच लागतं आणि त्याने फायदा होतो. पण 'तुमच्या खर्चाने शॅडो आणा नाहीतर मूल पाठवू नका' अशी अट शाळा घालत असेल तर ती मान्य करू नका, लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितलं की ती अट विनंतीत बदलते.

शाळा नाही म्हणाली तर

अशा वेळी कायदा माहीत असावा, आवाज चढवायची गरज पडत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, एप्रिल २०१७ पासून लागू, त्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत आणि अध्ययन अक्षमता, स्वमग्नता त्यात आहेत. कलम १६ म्हणतं की सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून शिकवण्याची योग्य पद्धत वापरावी. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट याचा उल्लेख आहे. कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्हीला बंदी आहे, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई लागू नाही, २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून, तिथे दिव्यांग कायद्याचाच आधार घ्या.

'याला स्पेशल स्कूलमध्ये घाला' असं म्हणाले तर विचारा, मॅडम हे तुम्ही कोणत्या रिपोर्टवरून म्हणताय, मला लिहून द्याल का? 'बाकीच्या पालकांच्या तक्रारी येतात' म्हणाले तर काय घडलं, कोणत्या तासाला, तेव्हा वर्गात कोण होतं ते विचारून घ्या, बऱ्याचदा तेच तेच एक कारण निघतं, डब्याच्या सुट्टीतला गोंगाट किंवा ऑफ तास, आणि तेवढंच सोडवता येतं. 'दाखला घेऊन जा' म्हणाले तर दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. तुम्ही स्वतः अर्ज करून दाखला घेतलात की शाळा म्हणते पालकांनीच काढलं, आणि मग तुमची बाजू फार कमकुवत होते.

तक्रार करायचीच वेळ आली तर पायरीने जा. आधी मुख्याध्यापकांना अर्ज, उत्तरासाठी पंधरा दिवस द्या, मग संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सरकारी शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीला, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी, प्राथमिकचे वेगळे आणि माध्यमिकचे वेगळे. मुंबईत महापालिकेचे शिक्षणाधिकारी किंवा माध्यमिक शाळांसाठी विभागाप्रमाणे शिक्षण निरीक्षक. त्याच्या वर राज्याचे दिव्यांग आयुक्त, त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, ज्यांना कायद्याने तक्रारीची चौकशी करायचे अधिकार दिलेत, आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग. प्रत्येक पत्रात आधीच्या पत्राची तारीख आणि आवक क्रमांक टाका, पोचेची झेरॉक्स जोडा, आणि काय हवंय ते शेवटी एका वाक्यात लिहा. शाळेवर कारवाई करा असं लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा, मुलाला उद्या परत त्याच वर्गात बसायचंय. अमुक सोय सुरू करण्याच्या सूचना शाळेला द्याव्यात, एवढं पुरतं, आणि माझ्या बघण्यातली बरीचशी प्रकरणं गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या एका पत्रावर सुटलेली आहेत.

दहावी, म्हणजे नववीच

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली, देशात पहिल्यांदा, त्यामुळे आपल्या बोर्डाला हा विषय नवीन नाही. शाळेला असू शकतो. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच विभागीय मंडळाकडे जातो, तुम्ही थेट देऊ शकत नाही, म्हणून नववीच्या सुरुवातीलाच शाळेत हे काम कोण बघतं ते शोधा आणि ताजं प्रमाणपत्र हातात ठेवा. दहावीचे फॉर्म भरायला लागल्यावर धावपळ सुरू केली तर हॉस्पिटलची तारीखच मिळत नाही.

जादा वेळ तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक दहावीच्या खालच्या इयत्तेतला हवा आणि त्याला मंडळाची परवानगी लागते. भाषेतून सूट घेऊन त्या जागी दुसरा विषय, गणिताऐवजी खालच्या पातळीचं अंकगणित, अशाही सोयी आहेत, नेमकं त्या वर्षी काय लागू आहे ते विभागीय मंडळातून लेखी घ्या.

सगळ्या सवलती घ्यायच्याच असं नाही, आणि इथे घाई करू नका. गणित सोडलं की दहावी सोपी होते खरी, पण पुढे सायन्स, डिप्लोमा, कॉमर्समधल्या काही वाटा बंद होतात, तेव्हा मुलाशी बोलून ठरवा, त्याच्या वतीने तुम्ही ठरवू नका. जादा वेळ मात्र प्रत्येकाने घ्यावा असं मला वाटतं. लेखनिक घेणार असाल तर नववीच्या सहामाहीपासून सराव करा, कारण सांगून लिहून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे. आमच्याकडे सुरुवातीला तो भराभर सांगत सुटायचा, लिहिणारी मुलगी मागे राहायची, मग तो विसरायचा की कुठपर्यंत आलो. मग एक पद्धत बसवली, आधी उत्तराचे मुद्दे बोटांवर मोजून सांगायचे, तिने समासात एक-दोन शब्दांत टिपायचे, मग एकेक वाक्य, वाक्य संपलं की तिने मान हलवायची. आकृत्या कोण काढणार, गणिताच्या पायऱ्या कशा सांगायच्या, हे पण आधी करून बघा. शाळेच्या सराव परीक्षा पण याच पद्धतीने द्यायला मिळाव्यात असा अर्ज द्या.

नियमित शाळा अगदीच झेपत नसेल तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. पाच विषय, त्यात एकच भाषा घेतली तरी चालते, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सुटत गेला की तो जमा राहतो. कमीपणाचं काही नाही, ते सर्टिफिकेट पुढच्या प्रवेशाला चालतं. फक्त मुलाला रोज मित्र कुठे भेटणार याचा विचार आधी करा, कारण घरी बसून दोन वर्षं काढणं पंधराव्या वर्षी फार जड जातं.

दहावीनंतर

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये दिव्यांगाचा रकाना भरायला विसरू नका, आणि कॉलेज मिळालं की पहिल्या आठवड्यात ते एक पान आणि फाईलमधल्या प्रमाणपत्रांच्या प्रती तिथे द्या. दहावीला मिळालेली सवलत बारावीला आपोआप येत नाही, कॉलेजमार्फत पुन्हा प्रस्ताव करावा लागतो. सीईटी, नीट, जेईई देणार असेल तर जादा वेळ आणि लेखनिक त्या त्या परीक्षेच्या फॉर्ममध्येच मागायचा असतो, फॉर्म भरून झाल्यावर बदल करायला फारच त्रास होतो. अठरा पूर्ण झाली की हॉस्पिटलची शेवटची तपासणी, त्यानंतरचं प्रमाणपत्र कायमचं असतं, त्याची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाकून ठेवा. आणि या वेळी ऑफिसातल्या खिडकीवर अर्ज मुलालाच देऊ द्या, तुम्ही मागे उभे रहा. पोच घ्यायला मात्र आठवण करा.